तोफ घासण्याआधी चिमूटभर भुगा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गडांवर मातीत रुतलेल्या तोफा काढून लाकडी गाड्यांवर बसवण्याचं काम तरुण मंडळी पदरमोड करून करतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण माझी सगळी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्यात गेली, म्हणून विनंती करतो : तोफेला ग्राइंडर लावण्याआधी आणि फलकावर ‘शिवकालीन’ लिहिण्याआधी तिचा धातू तपासून घ्या.

बिडाची तोफ खाऱ्या ओलीत शतकभर पडली की लोखंड झिजून जातं, मागं काळं, मऊ ग्राफाइट उरतं. आकार शाबूत दिसतो, पण सुरीनं सहज खरवडला जातो. तोफेवरची अक्षरं त्याच थरात असतात. एका जलदुर्गावर वायर ब्रश फिरला आणि तोफेच्या बाजूच्या, गाड्यावर टेकणाऱ्या खुंटीवरचा आकडा पूड होऊन गळून पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फार हळहळ वाटली. स्कॉटलंडच्या कॅरन या तोफा ओतणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल याच खुंट्यांवर असतं.

अक्षरं गेली तरी धातू आहे. पोटाखाली बारीक ड्रिल लावायचं, वरचा गंज टाकून आतला भुगा घ्यायचा. करडं बीड असेल तर बोटं काळी होतात. घडीव लोखंडाचे वेटोळे निघतात. आपल्याकडच्या भात्याच्या भट्ट्यांत लोखंड पातळ होत नसे. देशी लोखंडी तोफा पट्ट्या-कड्या ठोकून घडवत. त्यामुळे जुनी बिडाची तोफ बहुधा युरोपातून आलेली.

आता वय. बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, तो इंधनातून येतो. लाकडी कोळशाच्या बिडात कार्बन-१४ सापडतो; हा झाडांत असणारा किरणोत्सारी कार्बन, झाड तुटल्यावर ठरावीक गतीनं घटत जातो, त्यावरून वय काढतात. दगडी कोळशाच्या कोकमध्ये तो केव्हाच संपलेला असतो. युरोपात कोकवर लोखंड गाळणं १७०९ साली इंग्लंडात कोलब्रुकडेलला जमलं. म्हणजे कार्बन-१४ नाही आणि दगडी कोळशातून येणारा गंधक चढा, तर ती युरोपीय तोफ शिवरायांच्या काळातली नाहीच. उलट लाकडी कोळसा निघाला म्हणून लगेच गुलाल उधळू नये. १६५० नंतरच्या काळात हे गणित ढिलं पडतं, १६७० आणि १७८० वेगळे करता येत नाहीत. तिथं फॉस्फरस, मँगॅनीज, मापं आणि दप्तरातले कागद ताडून पाहावे लागतात.

कार्बन-१४ मोजायला आता तीसेक मिलिग्रॅम बीड पुरतं. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र इथं तशी यंत्रं आहेत. गंधक तर आमच्या एमआयडीसीतही मोजतात.

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयानं तोफ बसवण्याच्या परवानगीतच अट घालावी : आधी फोटो, मापं, अक्षरांचे ठसे आणि जाणकाराच्या हातानं काढलेला नमुना, मगच साफसफाई, तीही मऊ ब्रशनं. तोफ इंग्रजी निघाली तरी ती त्या गडाचीच आहे, तिथं कशी आली हे शोधण्याजोगं आहे. संचालनालयानं बोलावलं तर नमुने काढायला मी स्वखर्चानं येईन.

– एक निवृत्त फाउंड्री कामगार, शिरोली (जि. कोल्हापूर)