मनूला, १ मेच्या रात्री

मनू बेटा,

सकाळचा दिनविशेष तू न वाचताच अंगठा टाकून मोकळी झालीस ते कळलं मला, एवढं मोठं पान दोन सेकंदात कोणी वाचत नाही. असू दे. संध्याकाळी फोनवर म्हणालीस की बाबा, महाराष्ट्र दिनाची सुट्टी आमच्या टीमला नसते, आम्ही यूएसच्या सुट्ट्या पाळतो, आणि मग मी तुला आलेल्या त्या चकरेचं विचारलं तर एकदम चिडलीस. आई पण चिडली, तुझ्यावर नाही, माझ्यावर, की पोरगी थकून आली आणि तुम्ही तिला तारखा सांगून राहिले.

चकरेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही असं तिला कबूल केलंय.

पण तुझा क्लायंट शिकागोचा ना गं? अगं १ मे जगभर कामगार दिन म्हणून पाळतात तो त्याच शहरामुळे. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेभर लाखो कामगार संपावर गेले, शिकागो सगळ्यात पुढे. ४ मेला तिथल्या हेमार्केटमध्ये सभा संपत आलेली असताना कोणीतरी बॉम्ब फेकला, पोलीस मेले, गोळीबारात कामगार मेले, फेकणारा कोण ते आजपर्यंत कळलं नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चार जणांना फाशी दिली. १८८९ ला पॅरिसच्या परिषदेत १ मे ठरला. आपल्याकडे १९२३ ला मद्रासला कामगार नेते सिंगारवेलूंनी पहिल्यांदा पाळला. आणि खुद्द अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी! म्हणजे शिकागोवाले आठ तासांसाठी संपावर गेले त्या दिवशी शिकागोवाल्याचंच काम करत तू रात्री दोन वाजता जागी. इतकी वर्षं फळ्यावर १ मे लिहिला, असा कधी दिसला नव्हता मला.

आणि आठ तास तर आठ तास, तू तर बारा-तेरा तास बसून राहिली. चक्कर येणार नाही तर काय होईल. सॉरी, लिहिलं शेवटी.

आबा गिरणीतल्या रातपाळीहून यायचे तेव्हा भुवयांत कापसाची तूस अडकलेली असायची, पांढरी, आजी ओल्या फडक्याने पुसून काढायची, ते नुसते डोळे मिटून उभे. मग वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आतल्या खोलीत झोपायचे आणि आम्हाला अंगणात गोट्या खेळायला बंदी, शेजारचा टांगेवालासुद्धा घोड्याला ओरडायचा नाही. रातपाळीवाल्याच्या झोपेला अख्ख्या गल्लीत मान होता. तुझ्या फ्लॅटवर आहे का कोणी असं? भोंगा झाला की आबा साचा सोडून निघायचे, मुकादम काही बोलला तर म्हणायचे, बाबासाहेबांनी दिलेले तास आहेत. खरंच आहे ते, १९४२ ते ४६ मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आबा चौथी शिकलेले, पण हे आकडे त्यांना तोंडपाठ. तू इंजिनियर, तुला तुझे तास माहीत नाहीत.

बघ, झालं माझं लेक्चर सुरू. तुझ्या जिवावर घराचं लोन फिटलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्या इन्शुरन्समधून झालं, आपल्या महाल भागातल्या सगळ्या पानठेल्यांवर सांगून झालंय माझं, आणि वरून तुलाच शिकवतो.

इथे पारा ४४ वर आहे. बंड्याकाका सकाळी वेगळ्या विदर्भासाठी काळी फीत लावून आला, दरवर्षीप्रमाणे, १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि १९६० नंतर आपल्या वाट्याला हिवाळी अधिवेशन आलं वगैरे सगळं ऐकवलं, आणि मग त्याच फितीसकट महाराष्ट्र दिनाचं श्रीखंड दोन वाट्या खाल्लं. काही बोललो नाही मी.

तुझा चौथीचा निकाल पण १ मेलाच होता. झेंडावंदन झालं, मुख्याध्यापक बाईंचं भाषण लांबलं आणि तू रांगेतच खाली गेलीस. मी स्टाफच्या खुर्चीवरून उडी मारून आलो, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, डोळे उघडल्यावर तू विचारलंस, बाबा, पहिली आली का मी? दुसरी आली होतीस. मी पहिली सांगितलं. तेव्हा पण तू उपाशीच गेली होतीस आणि मला म्हणालीस दूध पिलं. म्हणून आता फोनवर "जेवले बाबा" म्हणालीस की माझा विश्वास बसत नाही, त्यात माझी चूक नाही.

नोकरी सोड म्हणत नाही. आई म्हणते तसं. मी फक्त म्हणतो, मॅनेजरला एकदा स्पष्ट बोल, रात्रीचे कॉल आलटून पालटून घ्या म्हणाव, एकट्या पोरीवर का. बोललीस तर कापून नाही खाणार.

सोनटक्क्यांचा पोरगा परवा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ डबा दिलाय, जवसाची चटणी, सांडगे आणि शेंगदाण्याचे लाडू. लाडू तू खा, वाटत बसू नको.

आणि शनिवारी हिमोग्लोबिन करून घे, उपाशीपोटी जावं लागत नाही त्याला, खाऊन जा. रिपोर्टचा फोटो माझ्या नंबरवर पाठव, आईला नको. तिला काय सांगायचं ते मी बघतो.

तुझा,
बाबा