साडेबाराला फाट्यावर

बुधवार, दुपार

चि. प्राजू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आईच्या हातात देऊन मी उठून गेलो, ते बरं केलं नाही. 'गाडी घेतली म्हणून कोणी ड्रायव्हर होत नाही' हे तर तोंडातून जायलाच नको होतं. नंतर तासभर मांगराच्या मागे पातेरा गोळा करत बसलो. गरज काही नव्हती.

पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून कागदावर लिहितो आहे. सुमी फोटो काढून पाठवील. वाचणार नाही म्हणाली आहे, म्हणजे वाचेल.

तुझा बेत वहीत मांडून बघितला. शनिवारी पहाटे तीनला डोंबिवली सोडायची, फोन अकरा तास दाखवतो, म्हणजे दोनला गोव्यात आणि संध्याकाळी मोरजीला सूर्यास्त. बेत वाईट नाही. त्या अकरा तासांत चहा नाही, चौघींचं उतरणं-चढणं नाही, पण ते सोडून देऊ. माझं म्हणणं वेगळंच आहे आणि ते रविवारी मला नीट सांगता आलं नाही. शुक्रवारी रात्री नऊला तू ऑफिसातून सुटणार. घरी दहा. जेवण, बॅग, मैत्रिणींचे फोन. म्हणजे झोपणार साडेअकराला आणि उठणार अडीचला. तीन तास.

मला रस्त्याची काळजी नाही. रस्ता मला पाठ आहे आणि आता तो पूर्वीपेक्षा बरा झाला आहे. खरं सांगायचं तर तो बरा झाला म्हणूनच काळजी आहे. कशेडीचा घाट चढून उतरायला आम्हाला पाऊण तास जायचा. तुम्ही बोगद्यातून दहा मिनिटांत पलीकडे. पण वळणं ड्रायव्हरला जागं ठेवतात, प्राजू. हातापायांना काम असलं की डोळा लागत नाही. सरळ काँक्रीट, टायरचा एकसुरी आवाज, काचा बंद, एसी चालू, मागे तिघी झोपलेल्या. यापरता पाळणा नाही.

तू म्हणालीस, पट्टा ओलांडला की गाडी बीप करते. असेल. इथल्या रस्त्यावर पट्टा असेल तिथे करेल.

बघ, पुन्हा टोमणा मारला. खोडत नाही, कागद घाण होतो.

तुला आठवतं का, शाळेच्या सुट्टीत तू वस्तीच्या एसटीवर माझ्याबरोबर यायचीस? तेव्हाच्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी असायचं. त्या बोनेटवर कांबळं चौपदरी घालून तुला बसवायचो. थंडीत तुला ते गरम लागायचं. नांदगावपर्यंत बडबड आणि मग एकदम गप्प. एकदा तू विचारलंस, "आण्णा, तुम्हाला झोप येत नाही?" मी म्हटलं, ड्रायव्हरला झोप येतच नाही, बिल्ला देताना सरकार झोप काढून घेतं. तू ते वर्गात सगळ्यांना सांगितलंस आणि बाईंनी मला शाळेत हटकलं.

ते खोटं होतं.

रातराणीवर होतो तेव्हाची गोष्ट. मुंबईहून येत होतो. आदल्या दिवशी झोप काढायची ती सोडून मी घराला रंग लावत बसलो होतो. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि तुझ्या आईने तीनदा आठवण केली होती. सांगायचं कारण, चूक सगळी माझी. लांजा मागे टाकला होता, पहाटेचे साडेचार असतील. पाऊस थांबलेला, रस्ता मोकळा. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं, "ड्रायव्हरदादा, चुना हाय काय तुमच्याकडे?" आणि डाव्या चाकांखाली खडी वाजत असलेली मला ऐकू आली. साइडपट्टीवर उतरलो होतो. पलीकडे किती खोल होतं ते मी परतीच्या फेरीला उजेडात उतरून बघितलं. तुला सांगत नाही.

डोळे मिटले होते का? मला वाटत होतं, उघडे आहेत. म्हणूनच हे लिहितो आहे. माणसाला वाटतं झोप आली तर कळेल, मग थांबू. ती आलेली कळत नाही. खडी वाजली आणि म्हातारी बोलली, तेव्हा कळलं. पुढच्या टपरीवर गाडी लावली, तोंड धुतलं, कंडक्टरला म्हटलं दहा मिनिटं चहा. चाळीसएक माणसं होती आत, कोणाला काही कळलं नाही. त्या म्हातारीला चुना मात्र मी टपरीवरून मागून आणून दिला. ती म्हणाली, "बरा केलंस." ती राजापूरला उतरली तेव्हा तिची गाठोडी मी स्वतः खाली दिली.

तुझ्या आईला हे ठाऊक नाही. ती इथे शेजारी तांदूळ निवडते आहे आणि दोनदा विचारून झालं, एवढं काय लिहिताय? चष्मा कपाटात आहे म्हणून बरं.

वसंताच्या बाबतीत काय झालं ते तुला माहीत आहे. त्यावर लिहीत नाही.

आता कामाचं. आमच्या धंद्याला १९६१ चा कायदा होता. सलग पाच तासांवर काम नाही, मग निदान अर्धा तास विश्रांती, आणि दिवसाचे तास आठ. तो पगारी ड्रायव्हरसाठी, तुला लागू नाही. पण ज्यांचा रोजचा धंदा होता त्यांच्यासाठी कोणीतरी पाच तासांची रेघ मारली, ती उगाच मारली नसेल. तीन अधिक पाच म्हणजे आठ, तेव्हा आठ-साडेआठला चिपळूण. तिथे खाली उतरून, बसून खायचं. गाडीत वेफर खाणं म्हणजे खाणं नव्हे. त्याआधी पेण ते कोलाड या पट्ट्यात तुला चार ते साडेपाचची वेळ गाठेल. ती सगळ्यात वाईट. तेव्हा नाशिकवाली मैत्रीण चालवते म्हणालीस ना, तिने कोलाडपर्यंत चालवावं आणि तू मागे झोपावंस. शेजारच्या सीटवर बसेल तिने झोपायचं नाही, हा नियम. ती कंडक्टर. बोलत राहायचं, भांडलात तरी चालेल.

उजाडेल तेव्हा महाडला सावित्रीवर असाल. पूल नवा आहे. जुना ब्रिटिशांच्या वेळचा दगडी होता, तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या घेऊन. त्यातली एक राजापूर-बोरिवली होती. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्या वेळेला त्या पुलावरून माझ्या किती फेऱ्या झाल्या होत्या त्याचा हिशेब मी रात्रभर करत बसलो होतो. तू मुंबईहून फोन केलास आणि 'आण्णा, तुम्ही घरी आहात ना?' असं विचारलंस. मी घरीच असणार, दुसरीकडे कुठे? तरी विचारलंस. तेव्हा मला हसू आलं होतं. पूल गेला त्यात ड्रायव्हरची काही चूक नव्हती. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, पण झोप आहे. हे मी दहाव्यांदा लिहितो आहे ना? लिहू दे.

परशुराम घाटात घाई नको. हातखंब्याचा उतार फसवा आहे. तिथे न्यूट्रल करायचं नाही, पेट्रोल वाचवायचं तर नाहीच नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. तुझी बिनगिअरची आहे हे मी विसरतो. मग त्यात जे काही बटण असेल ते आधी पुस्तकात वाचून ठेव, घाटात शोधू नकोस. चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. समोरच्याने डिपर मारला नाही म्हणून आपण अप्पर ठेवायचा नाही, दोघंही आंधळे होतात. काळोखात रस्त्यावर गुरं बसतात. काँक्रीट उबदार लागतं त्यांना. काळी म्हैस काळोखात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आणि चौपदरीवर उलट्या बाजूने दुचाकी येणारच, मनात धरूनच चाल.

आता वेळापत्रक. चिपळूण साडेआठ, हातखंबा साडेदहा, राजापूर पावणेबारा, खारेपाटणचा पूल ओलांडलात की आपला जिल्हा. आपल्या फाट्यावर साडेबारा.

तू म्हणालीस, मधे कुठे थांबायचं नाही, थांबलं की दोन तास जातात. मान्य. आई दोन तास घालवतेच. पण हे बघ. पहाटेनंतरची दुसरी वाईट वेळ दुपारी जेवणावर, दीड ते साडेतीन. ती तुला नेमकी कणकवली-कुडाळच्या सरळ रस्त्यावर गाठणार. फाट्यापासून घर तीन किलोमीटर. साडेबाराला आलात, एकला जेवलात, पाऊण तास पडवीत पाठ टेकलीत, दोनला निघालात, तर पुढे सव्वाशे किलोमीटर राहतात. पाचच्या आत मोरजी. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तासभर हातात राहतो. मी तीनदा मांडून बघितलं, जमतं. तुम्हाला भेटायला मिळावं म्हणून हे सांगत नाही. आईचं मला माहीत नाही.

ती म्हणते, "तिका सांगा, चार घास खावन जा." शनिवार म्हणून मासे नाहीत. कुळथाची पिठी, भात, सोलकढी, फणसाचे पापड. भात कमी वाढ, नंतर गाडी चालवायची आहे, असं मी सांगून ठेवलं आहे. तिने ऐकलेलं नाही. नाशिकवालीला पिठी आवडेल का, हे ती मला विचारते. मला काय माहीत?

बांद्याच्या पुढचं तू बघशीलच. टाकी इथे भरू नका, पत्रादेवीपलीकडे पेट्रोल स्वस्त मिळतं, तिथपर्यंत पुरेल एवढंच टाका. पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मी पणजी लाइनला होतो तेव्हा तेवढ्या टप्प्यात हॉर्न वाजवायचो नाही. कोणी सांगितलं नव्हतं, माझी सवय. तू वाजव न वाजव. परतताना इन्सुलीला तपासणी असते. बाटल्यांचं म्हणतो आहे. तुम्ही मोठ्या आहात, मी काही विचारत नाही, पण परवाना काय लागतो ते आधी बघा. अडचण आली तर १०८ गोव्यातही चालतो, हायवेचा १०३३.

परतीचं तू काहीच बोलली नाहीस, हे माझ्या लक्षात आलं आहे. रविवारी दुपारपर्यंत समुद्रात आणि सोमवारी सकाळी ऑफिस, म्हणजे पुन्हा रात्रीतून. पुन्हा तीच पहाट. रविवारी रात्री इथे घरी झोपा आणि सोमवारची रजा टाक. ही विनंती नाही. बरं, विनंतीच आहे. तुमचं ऑफिस तुमचं, त्यात मी बोलू नये हे मला कळतं.

आणखी एक, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. गाडीला हार घातलेला तुझा फोटो मी सुतारांच्या हॉटेलात दाखवला. एकतीस वर्षं मी गाडी चालवली, पण स्वतःच्या नावावर आरसी कधी आली नाही. घर, तुझं शिक्षण, मामींचं ऑपरेशन, दरवेळी पुढच्या वर्षी म्हणत गेलो. फोटोतला नंबर मला पाठ झाला आहे. फाट्यावरून पांढरी गाडी गेली की नंबर वाचतो, तू डोंबिवलीत आहेस हे माहीत असून. तू स्टेअरिंग कसं धरतेस ते मी अजून बघितलेलं नाही. आईला मागे बसवून एक फेरी तळेऱ्यापर्यंत मारशील का? मी शेजारी बसेन आणि गप्प बसेन. प्रयत्न करेन.

रविवारी जे बोललो ते मनात ठेवू नकोस. झोपेचं मात्र ठेव. शुक्रवारी अर्धी रजा मिळाली तर संध्याकाळी सहाला घरी ये आणि आठला आडवी हो. फोन दुसऱ्या खोलीत. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहा, शरीराला तेवढाच आराम.

आई म्हणते आता पुरे. सुमी पण आली.

तुझा
आण्णा

ता.क. स्टेपनीतली हवा बघून ठेव. आणि नाशिकवालीला पिठी चालत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळव. घावण्यांचं पीठ भिजवायला लागेल.