सिस्टर, तुमच्या वह्यांबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यातल्या नवोदय निवासी शाळेतून शिकून गेलेली आणि आज हयात नसलेली जी मुलं, त्यांची स्मरणपुस्तिका अखेर छपाईला गेली. तुमचे आभार फोनवर मानून माझं समाधान होईना. तुम्ही काय केलंत ते सगळ्या माजी विद्यार्थ्यांना कळायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

काम हाती घेतलं तेव्हा आमच्याकडे होतं काय? बॅच, हाऊस, नोकरी, वारल्याची तारीख. दैनिकांत पुण्यस्मरणाच्या चौकटी येतात, तेवढा मजकूर. फोटोंचीही तीच गत. नवोदयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या वाड्यांवरून सहावीत आलेली ही पोरं. सुरुवातीच्या बॅचच्या घरांत कॅमेरा कुठला असायला? सहावी ते बारावी मूल घराबाहेर. भेटीच्या रविवारी आणि गणेश चवथीच्या, दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीत दिसेल तेवढंच आईबापांच्या वाट्याला. मधलं सगळं लहानपण शाळेची नर्स म्हणून तुमच्यासमोर गेलं.

आणि तुम्ही ते लिहून ठेवलं होतंत! एमआय रूमचं, म्हणजे शाळेच्या दवाखान्याचं, सरकारी रजिस्टर शाळेत राहिलं, पण या तुमच्या स्वतःच्या वह्या. कोण जेवला नाही, कोणाला कांजिण्या आल्या, कोण पोटदुखीचं निमित्त करून घरच्या आठवणीने येऊन पडला. वह्या दाखवण्याआधी तुम्ही अट घातलीत: घरच्यांना विचारल्याशिवाय एक ओळही छापायची नाही, आणि नोंद आधी त्यांना वाचून दाखवायची. त्यासाठी गुडघे दुखत असताना तुम्ही कदंबच्या बसने आमच्याबरोबर गावोगाव फिरलात.

केरीच्या त्या घरातली दुपार मला विसरता येत नाही. मुलगा खाणीच्या ट्रकवर होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, पुढे काही वर्षांनी मुलगाही वारला. त्याची आई पडवीत बसली होती. तुम्ही वाचलंत : ‘ताप १०१. पेज अर्धी वाटी. रात्री आईला हाका मारत होता. पहाटेपर्यंत उशाशी बसले.’ तिने परत वाचायला सांगितलं. मग विचारलं, उशाशी कोण, तुम्ही? तुम्ही मान हलवलीत. ‘मग बरं,’ ती म्हणाली. पोराला एवढ्या लहान वयात दूर ठेवल्याचं त्या बाईने इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं, हे तिच्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ती नोंद तिने पुस्तिकेत घ्यायला लावली.

दुसरं एक पान माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. एकाच्या बाबतीत ‘दारूने गेला’ एवढीच ओळख गावात उरली होती. घरचे म्हणत होते, त्याचं नाव नकोच. तुम्ही त्यांना आठवीतल्या कांजिण्यांची साथ सांगितलीत. त्याला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, म्हणून बाकीची मुलं लांब राहत असताना तो रोज मेसमधून पेजेचं भांडं उचलून आणायचा आणि आजारी मुलांना वाढायचा. त्याच्या भावाने हे कधी ऐकलं नव्हतं. आता त्याच्या पानावर तेच आहे. दारूचा उल्लेख नाही, आणि तो नसावा असंच मलाही वाटतं.

मोठ्या हुद्द्यावरच्यांना दोन पानं द्या, असा आग्रह आमच्यातल्या काहींचा होता. तुम्ही ऐकलं नाहीत. सगळ्यांना एकेक पान. त्यामुळेच सत्तरीतल्या एका मुलाचं रणमाल्याचं, तिथल्या लोकनाट्याचं, वेड सविस्तर आलं : शिगम्यात गावी जाता यावं म्हणून तो तुमच्याकडे आजारपणाची चिठ्ठी मागायला यायचा. तुम्ही ती कधी दिली नाहीत, पण रात्री एमआय रूमच्या दारात त्याच्याकडून गाणी म्हणवून घेतलीत. नववीत मायग्रेशनवर, म्हणजे नवोदयांमधल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत, परराज्यात गेलेल्या मुलीने तुम्हाला पाठवलेली अंतर्देशीय पत्रं तुम्ही तिच्या लेकीच्या हाती दिलीत. लेकीने आईचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं.

हे सगळं तुमच्या नोकरीत मोडत नव्हतं, सिस्टर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही आमच्या मेलेल्या मित्रांना नावानिशी ओळखता. त्यांच्या आणि आमच्या वतीने मनापासून आभार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रती आधी घरोघर पोचतील, मेळाव्यात त्यानंतर. पहिल्या बॅचमधल्या एका मुलीच्या घरचा पत्ता अजून लागत नाही. तिची मावशी साखळीच्या बाजारात फुलं विकायची, असं परवा तुम्ही म्हणालात. या आठवड्यात आम्ही तिथे जाऊन फुलवाल्या बायकांकडे चौकशी करतोय. काही कळलं की लगेच फोन करते.

तुमची,
नीलगिरी हाऊसची एक विद्यार्थिनी