प्रवेशासाठी फोन करणारा आवाज यंत्राचा असेल, तर ते आधी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्शीत गेली अकरा वर्षं मी महा ई-सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, पीकविमा ही कामं बारा महिने चालतात, पण जून ते ऑगस्ट आमच्या टेबलावर फक्त प्रवेश असतात. उत्पन्नाचा दाखला निघाला का, नॉन-क्रिमीलेअर 31 मार्चपर्यंत वैध आहे का, कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म लॉक केला का, दिवसभर हेच. गेल्या जुलैत या टेबलावर जे पाहिलं ते लिहायचं राहूनच गेलं होतं. आता पुढचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून लिहिते.

वैरागकडचे एक दूध उत्पादक, मी त्यांना अण्णा म्हणते, मुलीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आले. घाई आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "न्हाई ताई, ॲडमिशन झालंय. शिष्यवृत्तीला दाखला लागतोय म्हणल्या त्या मॅडम." मला खटकलं. कॅपची, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, पहिली फेरीसुद्धा लागली नव्हती, ऑप्शन फॉर्म भरायला दोन दिवस बाकी होते आणि मुलीनं तो उघडूनही पाहिला नव्हता. एका खासगी कॉलेजातून फोन करणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, आता दुसरीकडे काही भरायची गरज नाही. 'सीट ब्लॉक' करायला अण्णांनी दहा हजार रुपये मोबाइलवरून पाठवले होते. दोनच जागा उरल्यात, संध्याकाळपर्यंत जातील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

आम्ही बोलत असतानाच अण्णांचा फोन वाजला. "त्याच मॅडम," म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी स्पीकर लावला. आवाज तरुण, गोड, मराठी अगदी स्वच्छ. मागे कीबोर्ड वाजल्यासारखा आवाज. "काका, तुमच्या मुलीला 84 पर्सेंटाइल आहेत ना, उरलेली फी शुक्रवारपर्यंत भरली तर..." एवढ्यात मला खोकला आला. आवाज थांबला, "हं" म्हणाला आणि तेच वाक्य त्याच चालीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मी विचारलं, ही जागा कॅपची की संस्था स्तराची, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायची? उत्तर आलं, "तुमची काळजी मी समजू शकते, काका." मी बाईमाणूस बोलतेय, हे त्या आवाजाला कळलंच नव्हतं. शेवटी सरळ विचारलं, "तुम्ही माणूस आहात का?" "मी प्रवेश विभागातून बोलतेय, काका." दोनदा विचारलं, दोनदा हेच. त्या क्रमांकावर उलट फोन केला तर तो लागतच नव्हता.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी त्यांना म्हैस आजारी हाय, दोन दिवस थांबा म्हणलो होतो. तर म्हणल्या, लवकर बरी होईल काका." हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. समोर कुणी तरी आपलं ऐकून घेतंय, असं वाटल्यामुळेच त्या माणसानं पैसे पाठवले होते.

त्यात नुकसान काय होणार होतं, तेही सांगते. राज्य सरकारनं 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. पण प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो. संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. अण्णांची मुलगी ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. म्हणजे जी मुलगी फुकट शिकू शकत होती, तिच्या बापाला तो आवाज 'शिष्यवृत्ती' म्हणून थोडी सूट दाखवून फी भरायला लावत होता. हे बोलणं माणसाच्या तोंडून झालं असतं, तरी चूकच होती. पण माणसाला मी नाव विचारलं असतं, "मॅडम, मुलीला माफी लागू आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" असं म्हटलं असतं, तर निदान तो चाचरला तरी असता. यंत्र चाचरत नाही. त्याला जे बोलायला लावलंय ते संध्याकाळपर्यंत हजार घरांत त्याच गोडव्यानं बोलतं.

त्या रात्री मुलीला बोलावून आम्ही ऑप्शन फॉर्म भरला. तिला कॅपमधून सोलापूरला जागा मिळाली. दहा हजार परत आले, पण सव्वा महिन्यानं, तीन हेलपाटे घातल्यावर आणि मी लेखी अर्ज करून दिल्यावर. त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका संस्थेचा असता, तर पत्र त्यांनाच लिहिलं असतं.

माझ्याकडे काम शिकून गेलेली एक मुलगी पुण्यात प्रवेश सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात फोन करायच्या नोकरीवर होती. तिनं मला आतली पद्धत सांगितली. मुलांचे क्रमांक म्हणजे 'लीड'. प्रत्येक फोननंतर लीडवर शेरा पडतो, हॉट, वॉर्म किंवा कोल्ड. पूर्वी हे मुली करायच्या, दिवसाला शंभर-सव्वाशे फोन म्हणजे डोक्यावरून पाणी. आता एआय एजंट एकाच वेळी शेकडो क्रमांक लावतो, समोरच्याचं बोलणं ऐकून उत्तर तयार करतो आणि शेराही स्वतःच मारतो. "विचार करून सांगतो" म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन जातो. तिची नोकरी गेली, तेही मला लागलंच. पण ती जे म्हणाली ते जास्त लागलं: "ताई, आम्ही कधीकधी एखाद्या आईला हळूच सांगायचो, की आधी कॅपचं बघा. आता ते कोण सांगणार?"

अण्णांच्या मुलीचा क्रमांक बाहेर कसा गेला, हेही शोधलं. 'तुम्हाला कोणतं कॉलेज मिळेल' असं दाखवणाऱ्या एका मोफत कॉलेज प्रेडिक्टरवर तिनं पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि वडिलांचा मोबाइल भरला होता. माझ्याच केंद्रात, माझ्याच संगणकावर. खाली बारीक अक्षरांत संमतीचा चौकोन होता आणि त्यात टिक आधीच केलेली होती. तेव्हापासून मी मुलांना त्या पानांवर क्रमांक टाकू देत नाही.

कायदे नाहीत असं नाही. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवा, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, दंडक आहे. अण्णांना आलेला क्रमांक साधा मोबाइलचा होता. 1909 वर तक्रार करता येते, पण फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत. आमच्या भागातल्या बहुतेकांना फोन फसवा होता, हेच तोपर्यंत कळलेलं नसतं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. बारावीची कितीतरी मुलं सतरा वर्षांचीच असतात. पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर आणखी एक प्रवेशाचा हंगाम निघून जाईल. 'दोनच जागा उरल्या' अशी खोटी घाई करण्याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणारी युक्ती, म्हटलं आणि 2024 मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींतही तिला मज्जाव केला. फोनवरच्या बोलण्याला ही नियमावली लावायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं दिसत नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे आवर्जून लिहिते. जुलैत रात्री अकरापर्यंत माझा फोन वाजतो आणि निम्म्या लोकांचे प्रश्न तेच असतात. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं 2016 साली 'पाउन्स' नावाचा संदेशांना उत्तरं देणारा सहायक सुरू केला. तिथं प्रवेश मिळालेली कितीतरी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत कागदपत्रं आणि अर्थसाहाय्याच्या अर्जात अडकून गळायची. पहिल्याच उन्हाळ्यात पाउन्सनं दोन लाखांहून जास्त प्रश्नांना उत्तरं दिली आणि ती गळती एकवीस टक्क्यांनी कमी झाली. आपण यंत्राशी बोलतोय, हे मुलांना ठाऊक होतं. मुलांनी विद्यापीठ आधीच निवडलेलं होतं, यंत्र फक्त त्यांना दारापर्यंत आणत होतं.

प्रवेश परीक्षा आणि कॅप चालवणाऱ्या आपल्या राज्याच्या सीईटी कक्षानं असा मराठी बोलणारा सहायक का करू नये? "तुमचं जातवैधता प्रमाणपत्र अजून अपलोड झालेलं नाही, उद्या शेवटची तारीख आहे," एवढा एक फोन वेळेवर गेला, तर माझ्या टेबलावर दर वर्षी रडणारी दोन-चार पोरं तरी वाचतील. जागा रद्द झाल्यावर काय बोलायचं त्यांच्याशी, मला आजही सुचत नाही.

खासगी संस्थांच्या फोनबद्दल सीईटी कक्ष आणि तंत्रशिक्षण संचालनालय यांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदाच्या माहिती पुस्तिकेतच हे छापावं. आवाज यंत्राचा असेल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगायचं. "माणसाशी बोलायचंय" म्हटलं की माणूस यायला हवा. जागा कॅपची की संस्था स्तराची, शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी किती आणि मुलींची शुल्कमाफी तिथं लागू होते का, हे कॉलेजच्या कोड क्रमांकासह लेखी संदेशात आल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. आणि यंत्र चुकीचं बोललं तर जबाबदार संस्थाच. "ते सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे," असं अण्णांना तिथल्या खिडकीवर ऐकवलं गेलं, तसं पुन्हा कुणाला ऐकायला लागू नये.

अण्णांचा धाकटा यंदा दहावीला आहे. घरात फोन एकच, तो अण्णांच्या खिशात असतो. त्यांना मी सांगून ठेवलंय, प्रवेशाचं कुणीही बोललं तरी लेखी पाठवा म्हणा आणि पैसे पाठवायच्या आधी तो संदेश घेऊन माझ्याकडे या.

आपली विश्वासू,
महा ई-सेवा केंद्रचालक, बार्शी (जि. सोलापूर)