रोबोटची चाचणी वापरणाऱ्यानेच घ्यावी

संपादक महोदय,

दिव्यांगांसाठी विद्यार्थ्यांनी रोबोट बनवल्याच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांचे कौतुकही वाटते. पण फोटोत ते यंत्र चालवताना दिसतो तो बहुतेक वेळा बनवणारा विद्यार्थीच. सहाय्यक रोबोटिक्सचे शिक्षण अशा चाचणीवर थांबले, तर खरे शिकायचे तेच राहून जाते.

व्हीलचेअरला जोडलेल्या रोबोटिक हाताने पाण्याचा पेला तोंडाशी आणणे, एवढेच काम घेऊ. अर्ध्या किलोचा भरलेला पेला रोबोटिक हाताच्या खांद्याच्या सांध्यापासून आडवा ७० सेंटिमीटरवर धरला, तर त्या सांध्यावर सुमारे ३.४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, येतो. हाताचे स्वतःचे वजन धरले की तो बराच वाढतो. इथपर्यंतचे गणित मुले बरोबर करतात. अडते ते पुढे. हात हवा तिथे नेऊन हवा तसा वळवायला सहा हालचाली लागतात, पकड ही सातवी. साध्या जॉयस्टिकला मात्र पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे असे दोनच अक्ष. म्हणजे हालचालींचे चार गट पाडायचे आणि दर वेळी बटण दाबून गट बदलायचा. विद्यार्थी हे अंगठ्याने सहज करतो. हनुवटीने जॉयस्टिक चालवणाऱ्याला त्यासाठी जॉयस्टिक सोडून डोक्यामागचे बटण दाबावे लागते, मग हनुवटी पुन्हा जागेवर आणावी लागते. एका पेल्यासाठी असे अनेकदा. त्यात पेला ओठांजवळ आल्यावर चुकीचा गट चालू असला, की पाणी मांडीवर.

यावर उपाय जास्त ताकदीच्या मोटरमध्ये नाही. पेला कायम सरळ ठेवण्याचे काम सॉफ्टवेअरकडे दिले, तर दोन हालचाली कमी होतात आणि तीन गटांत भागते. पेल्यात स्ट्रॉ ठेवली की तो कलवायची गरजच उरत नाही. आणि मान हलवता येत असेल, तर हात ओठांच्या थोडा अलीकडेच थांबवावा. पुढे झुकून घोट घ्यायचा की नाही, हे त्या माणसाच्या हाती राहते.

वापरणाऱ्याच्या हाताला कंप असेल तर प्रश्न वेगळा. हाताचा कंप साधारण सेकंदाला ४ ते १२ वेळा होतो, मुद्दाम केलेली हालचाल बहुधा दोनपेक्षा कमी वेळा. त्यामुळे फिल्टरने कंप गाळता येतो, पण फिल्टर फार कडक केला तर रोबोट उशिरा हलतो, माणूस जॉयस्टिक आणखी ढकलतो आणि रोबोटचा हात पुढे निघून जातो. प्रत्येकाचा कंप औषधाआधी आणि औषधानंतर नोंदवूनच फिल्टर लावावा.

स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या कृत्रिम हातात तर प्रयोगशाळेतले यश फारच फसवे ठरते. संकेत टिपणारे इलेक्ट्रोड त्वचेवर, स्नायूच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेने, दोन सेंटिमीटर अंतराने लावले. तुलनेसाठीचा संदर्भाचा इलेक्ट्रोड त्वचेलगतच्या हाडावर लावला. संकेताचे सेकंदाला हजाराहून जास्त नमुने घेतले. सगळे नीट चालते. मग घाम येतो, सॉकेट, म्हणजे उरलेल्या हातावर बसणारा कृत्रिम हाताचा भाग, काढून पुन्हा घातले की इलेक्ट्रोड किंचित सरकतात, दंड वर उचलला की संकेतच बदलतो. कोपर टेबलावर टेकवून शिकवलेला प्रोग्राम वरच्या फळीवरचा डबा काढताना चुकतो. म्हणून नमुने हाताच्या वेगवेगळ्या स्थितींत आणि सॉकेट काढून-घालून घ्यावेत.

सुरक्षेचे प्रश्नही माणूस समोर असला तरच सुचतात. हात हलत नसलेल्याने थांबवायचे लाल बटण कशाने दाबायचे? वीज गेली तर ब्रेक नसलेला यांत्रिक हात मांडीवर कोसळेल. ब्रेक असेल तर तोंडासमोरच अडकून बसेल, मग तो हाताने बाजूला करता येईल का? मेरुरज्जूच्या दुखापतीमुळे संवेदना गेलेल्या त्वचेला तापलेली मोटर किंवा घासणारा पट्टा जाणवत नाही. सत्रात दर १५ ते ३० मिनिटांनी बसण्याचा भार हलवायला वेळ द्यावा आणि शेवटी त्वचा डोळ्यांनी तपासावी.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २२७ प्रौढांच्या सहाय्यक साधनांपैकी २९.३ टक्के साधने पूर्ण सोडून दिलेली आढळली. निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) आणि वापरणारी व्यक्ती आराखड्याच्या पहिल्या बैठकीलाच हवी, आणि तिच्या वेळेचा मोबदलाही द्यायला हवा. किती सेकंदांत काम झाले एवढेच मोजू नये. मदतनीसाला किती वेळा हाक मारावी लागली आणि महिन्यानंतरही साधन वापरात आहे का, हेही नोंदवावे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी देताना यंत्र कोणी चालवले, किती दिवस चालवले आणि ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, एवढे जरूर विचारावे आणि उत्तर बातमीत छापावे.

— सहाय्यक रोबोटिक्स शिकवणारे काही अध्यापक आणि थेरपिस्ट