क्लोनिंग : हिशेब फसलेल्या प्रयोगांचाही हवा

महोदय,

क्लोनिंगचा विषय निघाला की चर्चा 'हुबेहूब माणूस' आणि 'निसर्गात ढवळाढवळ' याभोवतीच फिरते. नैतिक प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, प्रयोगशाळेच्या टेबलावरच सुरू होतो.

डॉली या क्लोन करून जन्मलेल्या प्रसिद्ध मेंढीचेच घ्या. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी उपाशी ठेवून सुप्तावस्थेत नेली, केंद्रक (डीएनए असलेला गाभा) काढलेल्या अंडपेशीला भिडवली आणि विजेच्या सौम्य झटक्याने दोन्ही एकजीव केल्या. अशा २७७ जोड्यांतून २९ भ्रूण हाती लागले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले आणि जुलै १९९६ मध्ये कोकरू जन्मले ते एकच. फोटो छापून येतो तो त्या एकाचा!

बाकीचे का टिकत नाहीत? कासेच्या पेशीत डीएनए पूर्ण असतो, पण कासेला न लागणारी जनुके रासायनिक खुणांनी बंद असतात. या खुणा पुसून पेशीला पुन्हा 'पहिल्या दिवसावर' आणण्याचे काम अंडपेशीकडून बहुधा अर्धवट होते. मग वार (गर्भाचे पोषण करणारा अवयव) नीट तयार होत नाही, गर्भ मधेच गळतो. गुरांत वासरू प्रमाणाबाहेर वाढून प्रसूती अडते. काही पिल्ले जन्मताच फुप्फुसे न चालल्याने दगावतात. हे सारे सोसते ती गर्भ वाढवणारी मादी.

तंत्र सुधारले, हे खरे. शांघायच्या शास्त्रज्ञांनी खुणा पुसायला बाहेरून मदत देऊन माकडांचे क्लोन केले आणि २०१८ मध्ये ते जाहीर केले. गर्भाच्या पेशींपासूनचे ७९ भ्रूण २१ माद्यांत सोडल्यावर दोन पिल्ले जगली. प्रौढ पेशींचे भ्रूण ४२ माद्यांत सोडले. जन्मलेली दोन्ही पिल्ले लवकरच मेली. माकडिणींच्या जागी बायका ठेवून हे आकडे पुन्हा वाचावेत.

उपचारासाठीच्या क्लोनिंगमध्ये भ्रूण गर्भाशयात जात नाही, पाच-सहा दिवसांनी त्यातून मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, काढतात. म्हणून ते निर्धोक समजले जाते. पण अंडपेशी येतात कुठून? हार्मोनची इंजेक्शने घेऊन बाईच त्या देते. कधी बीजाशय सुजते, पोटात पाणी साचते. दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांचे, क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून मूलपेशी मिळवल्याचे २००४-०५ चे दावे बनावट ठरलेच, शिवाय त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिकांच्या अंडपेशी वापरल्याचेही उघड झाले. वरिष्ठाला 'नाही' म्हणणे किती जणींना जमते?

२००७ पासून माणसाच्या त्वचेच्या पेशींतूनही, अंडपेशीविना, तशाच बहुक्षम पेशी बनवता येतात. तेव्हा क्लोनिंगच्या प्रत्येक प्रस्तावात, या मार्गाने काम का भागत नाही, हे आधी विचारले जावे. आणि यशाच्या बातमीत अंडपेशी किती लागल्या, गर्भ किती गळाले, पिल्ले किती मेली, हे तीन आकडे आपल्या वृत्तपत्राने जरूर छापावेत.

— जैवतंत्रज्ञानाचा एक अभ्यासक