काळ्या जमिनीत चार फुटांचा शोषखड्डा का तुंबतो : स्वच्छता मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र राज्य

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी येते आणि त्यातले २०० लिटर तरी मोरीतून बाहेर पडते. ते जमिनीत मुरवायला गावोगाव शोषखड्ड्याचा एकच नकाशा फिरतो : चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर गोणपाट आणि माती. नांदेड जिल्ह्यात याच खड्ड्यांनी उघडी गटारे हटवली. नकाशा वाईट नाही, पण तो खोल काळ्या जमिनीसाठी नाही.

काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. मग चौरस मीटरमागे दिवसाला १० लिटरही मुरत नाही. खड्ड्याच्या चारही बाजू मिळून ६४ चौरस फूट, म्हणजे जेमतेम ६ चौरस मीटर. तळ हिशोबात धरूच नये, तो गाळाने आधी बुजतो. सोय ६० लिटरची, येतात २००! मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत पाणी झरझर उतरते, जिओ-टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो निघतो, बिल मंजूर होते. श्रावणात तेच पाणी अंगणात.

म्हणून अंदाजपत्रकाआधी जमीन तपासणे सक्तीचे करा. मुरूम लागेपर्यंत खोदावे, तळाशी फूटभर लांब-रुंद-खोल भोक घ्यावे, ते रात्रभर पाण्याने भरलेले ठेवावे. सकाळी पुन्हा पाणी घालून पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते मोजावे. तीस मिनिटांहून जास्त लागली तर तिथे शोषखड्डा नको, असे सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्येच आहे. खर्च एक मजूर, काही घागरी पाणी आणि घड्याळ. खाली मुरूम असेल तर खड्डा तिथवर न्यावा आणि फक्त मुरुमातल्या बाजू मोजाव्यात. चार फुटांचा हट्ट सोडावा.

खड्ड्याआधीची, गाळ अडवणारी गाळकुंडी अनेक ठिकाणी फक्त मापपुस्तिकेत, म्हणजे कामाची मापे नोंदवायच्या वहीतच दिसते. राख, भाताची शिते, तेलकट साबण थेट दगडांत गेले की त्यांच्यावर चिकट थर बसतो आणि चांगल्या मुरुमातला खड्डाही तुंबतो. कुंडी पंधरा दिवसांनी उपसावी लागते. आणि शौचालयाच्या सेप्टिक टाकीचे पाणी या खड्ड्यात किंवा गटारात सोडलेले असेल, तर ते मोरीचे सांडपाणी राहिलेच नाही. तिथे वेगळा विचार हवा.

जिथे मुरतच नाही तिथे बंद पाइपने पाणी गावाबाहेर न्यावे : जाळी, गाळकुंडी, मग स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारी उथळ तळी. दोन हजार वस्तीचे रोजचे ८० हजार लिटर दहा दिवस थांबवायचे तर चार फूट खोलीची साधारण सात गुंठे तळी लागतात, बांध वेगळे. अडते ते गायरानाच्या परवानगीवर. पैशांचेही पाहा : स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला ५ लाख ६० हजार. त्यात पाइपलाइन आणि तळी दोन्ही बसवणे कठीण, आणि पुढे गाळ कोण उपसणार याचा त्यात हिशोबच नाही.

आमच्या मागण्या तीन. काळ्या जमिनीच्या तालुक्यांसाठी वेगळा नकाशा व दर काढा. खड्ड्याच्या रकमेतला एक हिस्सा पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंत राखून ठेवा. आणि सात-आठ गुंठ्यांसाठी गायरानाची परवानगी किती दिवसांत द्यायची, ते महसूल विभागाशी बोलून ठरवून घ्या.

आपले,
ग्रामीण सांडपाण्याच्या कामांवरील काही अभियंते